भित्र्या कुत्र्याची साक्ष : ‘करेज द कावर्डली डॉग’, चाहत्यांच्या उपपत्ती आणि कुटुंबाचे प्रेक्षकपण

गोषवारा

‘करेज द कावर्डली डॉग’ (१९९९-२००२) ही अमेरिकन व्यंगपट मालिका लहान मुलांसाठी निर्माण झाली. मात्र तिचा प्रेक्षकवर्ग आरंभापासून संमिश्र राहिला आहे. या मालिकेविषयी चाहत्यांनी मांडलेल्या उपपत्तींपैकी सर्वांत लोकप्रिय उपपत्ती अशी, की मालिकेतील राक्षस खरे नसून ती एका कुत्र्याच्या नजरेने पाहिलेली साधी माणसे आहेत. प्रस्तुत निबंधात या उपपत्तीची संहितेच्या आधारे तपासणी केली आहे. ही उपपत्ती संहितेला पुरेशी सुसंगत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दुर्बळाच्या भयावर विश्वास न ठेवण्याची जी प्रवृत्ती मालिकेने उपहासाचा विषय केली आहे, तिचाच ही उपपत्ती नकळत पुरस्कार करते, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी भयानक रसाची भारतीय मीमांसा आणि ‘अद्भुता’विषयीचा त्झ्वेतान तोदोरोव्ह यांचा विचार यांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : व्यंगपट, अतिवास्तवता, चाहत्यांची उपपत्ती, भयानक रस, केंद्रीकरण, कुटुंब.

१. प्रस्तावना

बालसाहित्याची समीक्षा मराठीत अल्प असली, तरी तिची एक परंपरा आहे. दूरचित्रवाणीवरील व्यंगपटांना मात्र समीक्षेच्या कक्षेत क्वचितच प्रवेश मिळाला. भारतात कार्टून नेटवर्क ही वाहिनी १९९५ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत वाढलेल्या शहरी आणि निमशहरी पिढीच्या कल्पनाविश्वावर या वाहिनीच्या मालिकांचा ठसा आहे, हे आज आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या तरुण शिक्षकांशी बोलताना सहज ध्यानात येते. ज्या संहितांनी एका पिढीला भय, हास्य आणि करुणा यांचे पहिले धडे दिले, त्यांचा गंभीरपणे विचार होणे आवश्यक आहे.

असा विचार अभ्यासकांनी केला नाही, तेव्हा तो प्रेक्षकांनीच केला. व्यंगपटांच्या चाहत्यांनी मांडलेल्या उपपत्ती हे या विचाराचे रूप होय. हेन्री जेन्किन्स यांनी ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथात चाहत्यांना निष्क्रिय ग्राहक न मानता संहितेच्या रानात शिरून स्वतःला हवे ते उचलून आणणारे वाचक मानले. ही भूमिका मौलिक आहे. तथापि चाहत्यांचे वाचन सर्जनशील असते एवढे मान्य केल्यावर ते वाचन योग्य आहे काय, हा पुढचा प्रश्न सुटत नाही. उपपत्ती हा अर्थनिर्णयाचा दावा असेल, तर त्या दाव्याची परीक्षा करणे हा तिचा सन्मानच ठरतो.

२. मालिकेचे स्वरूप

जॉन आर. डिलवर्थ यांचा ‘द चिकन फ्रॉम आउटर स्पेस’ हा लघुपट १९९६ मध्ये प्रसारित झाला. सर्वोत्कृष्ट सचेतन लघुपटाच्या ऑस्कर पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले होते. त्यातूनच पुढे ही मालिका आकाराला आली. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन २००२ च्या नोव्हेंबरमध्ये ती संपली. चार पर्वे आणि बावन्न भाग एवढा तिचा विस्तार आहे. बहुतेक भागांत दोन स्वतंत्र कथा आहेत. २०१४ मध्ये एक विशेष भाग आणि २०२१ मध्ये स्कूबी-डू या प्रसिद्ध कुत्र्याबरोबरचा एक चित्रपटही आला.

कथेची मांडणी अगदी साधी आहे. कॅन्सस राज्यात ‘नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठेच नाही’, अशा नावाच्या ठिकाणी एक एकाकी घर आहे. भोवती पिवळसर ओसाड जमीन, एक पवनचक्की आणि क्षितिज. घरात म्युरिएल ही मायाळू स्कॉटिश वृद्धा, युस्टेस बॅग हा तिचा कंजूष आणि तिरसट नवरा आणि पिल्लू असताना टाकून दिलेला, म्युरिएलने घरी आणलेला करेज नावाचा गुलाबी कुत्रा, असे तिघे राहतात. ‘करेज’ म्हणजे धैर्य. आणि हा कुत्रा तर पराकाष्ठेचा भित्रा. नाव आणि विशेषण यांच्या या विरोधातच मालिकेचे बीज आहे. दर भागात या घरावर काही संकट येते. ते प्रथम करेजला दिसते. तो ते सांगू पाहतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. अखेर तो थरथरत, किंचाळत, पण मागे न हटता घर वाचवतो. त्याचे श्रेय मात्र त्याला क्वचितच मिळते.

या साध्या साच्यात जे दृश्यविश्व भरले आहे, ते मात्र साधे नाही. हाताने रेखाटलेल्या पात्रांमागे छायाचित्रांचे तुकडे, रंगचित्रांसारखी पार्श्वभूमी आणि संगणकनिर्मित आकृती एकत्र येतात. ‘किंग रॅमसीज् कर्स’ या कथेतील इजिप्शियन राजा तर घरापुढच्या अंधारात उभी असलेली, इतर चित्रांच्या जातीची नसलेली, हलक्या झुळुकीने डुलणारी एक आकृती आहे. तिचे भय तिच्या रूपापेक्षा तिच्या परकेपणात आहे. ती त्या चित्रातली वाटतच नाही. परस्परविसंगत वस्तू एका चौकटीत आणून नित्याचे जग अनोळखी करणे हे अतिवास्तववादी चित्रकलेचे तंत्र येथे मुलांच्या करमणुकीसाठी वापरले गेले आहे.

३. ‘श्वानदृष्टी’ची उपपत्ती

मालिकेच्या चाहत्यांमध्ये प्रचलित असलेली प्रमुख उपपत्ती अशी : करेज हा एक सामान्य कुत्रा आहे आणि आपण जे पाहतो ते त्याच्या दृष्टीने पाहतो. घरी येणारा कोणताही अनोळखी माणूस कुत्र्याला धोकाच वाटतो, म्हणून पाहुणे, विक्रेते, डॉक्टर हे सारे राक्षसाच्या रूपात दिसतात. त्याचे मालक वृद्ध असल्याने त्याला दूर फिरायला नेत नाहीत. म्हणून घराभोवतीचे जग त्याला ‘कुठेच नाही’ असे वाटते. म्युरिएल आणि युस्टेस यांना राक्षस दिसत नाहीत, कारण ते मुळात नाहीतच.

ही उपपत्ती आकर्षक आहे, यात शंका नाही. तिचे तीन गुण मान्य केले पाहिजेत. पहिला, ती कथनाच्या दृष्टिकोनाकडे लक्ष वेधते. कोण पाहतो आणि कोण सांगतो हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हा जेरार झेनेत यांचा विचार ती त्या परिभाषेविना जाणते. दुसरा, ‘नोव्हेअर’ या स्थळनामाला ती अर्थ देते. तिसरा, ती मुक्या प्राण्याच्या अनुभवाविषयी सहानुभूती बाळगते. घरात कुत्रा पाळलेल्या कोणालाही, दाराशी आलेल्या पोस्टमनवर तो का भुंकतो, याचे हे हृद्य स्पष्टीकरण वाटेल.

परंतु ही उपपत्ती एकटी नाही, हेही पाहावयास हवे. ‘रगरॅट्स’ या मालिकेतील तान्ही मुले ही अँजेलिका या मुलीच्या मनाचे खेळ आहेत, ‘पोकेमॉन’चा नायक ॲश बेशुद्धावस्थेत असून सारा प्रवास त्याचे स्वप्न आहे, अशा उपपत्ती याच कुळातल्या आहेत. सर्वांची घडण एकच : अद्भुत जे काही आहे ते एका दुखऱ्या किंवा मर्यादित मनात ढकलायचे आणि बाहेरचे जग पुन्हा नेहमीसारखे करायचे. तोदोरोव्ह यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात असे म्हटले, की अद्भुतकथेचा प्राण वाचकाच्या दोलायमानतेत असतो. घडले ते खरेच अलौकिक होते, की त्याला काही लौकिक कारण होते, याचा निर्णय लागला की ती कथा दुसऱ्या कोणत्या तरी प्रकारात जाते. श्वानदृष्टीची उपपत्ती नेमका हा निर्णय लावते. मालिकेने लावला नसताना ती तो का लावते, हा खरा प्रश्न आहे.

४. उपपत्तीची तपासणी

अकराव्या शतकातील महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ या ग्रंथात आनंदवर्धनाच्या ध्वनिसिद्धान्ताला आव्हान देताना असे प्रतिपादन केले, की ज्याला व्यंग्यार्थ म्हणतात तो वस्तुतः अनुमानाने कळतो. काव्याच्या संदर्भात हे मत पुढे फारसे टिकले नाही. मात्र चाहत्यांच्या उपपत्ती हे अनुमानच असते, व्यंजना नव्हे, असे म्हणता येईल. धुरावरून अग्नी ओळखावा तसे ते संहितेतील खुणांवरून लपलेली वस्तुस्थिती ओळखतात. तेव्हा या अनुमानाला अनुमानाचेच नियम लावणे न्याय्य ठरेल.

उपपत्तीचा मुख्य हेतू असा : राक्षस केवळ करेजलाच दिसतात. हा हेतू असिद्ध आहे. मूळ लघुपटातच परग्रहावरून आलेल्या कोंबडीची अंडी खाऊन युस्टेसचे रूपांतर होते. ‘किंग रॅमसीज् कर्स’मध्ये शापाने आलेले पाणी आणि टोळधाड सर्वांवर कोसळते, युस्टेस चोरीची शिळा परत देत नाही तो संकट दिसत नाही म्हणून नव्हे, तर तिची किंमत कळली म्हणून. ‘बॉल ऑफ रिव्हेंज’ या कथेत म्युरिएल करेजसाठी पांघरूण विणते, याचा मत्सर वाटून युस्टेस पूर्वीच्या भागांतील खलपात्रांना स्वतः एकत्र जमवतो. जे केवळ कुत्र्याच्या नजरेत आहेत, त्यांना कुत्र्याच्या मालकाने कसे बोलवावे?

दुसरा आधार दृष्टिकोनाचा. सर्व काही करेजच्या नजरेतून दिसते, असे मानण्यास संहिता परवानगी देत नाही. रॅमसीजच्या कथेच्या आरंभी शिळा चोरणारे चोर करेजच्या परोक्ष दिसतात. याहून निर्णायक उदाहरण ‘फ्रीकी फ्रेड’ या कथेचे आहे. म्युरिएलचा भाचा फ्रेड हा न्हावी घरी पाहुणा म्हणून येतो. समोर दिसणारे केस कापल्यावाचून त्याला राहवत नाही. या कथेचे निवेदन यमकबद्ध स्वगतात आहे आणि ते स्वगत फ्रेडचे आहे. म्हणजे येथे आपण राक्षसाच्या नजरेने कुत्र्याकडे पाहतो. श्वानदृष्टीचा सिद्धान्त सर्वांत भयप्रद मानल्या जाणाऱ्या कथेतच कोलमडतो. स्नानगृहाचे दार बंद होते, फ्रेड शांतपणे हसत राहतो, आपली पूर्वकथा सांगतो आणि करेजचे केस खरोखर जातात. बाहेर म्युरिएलला भाच्याचे कौतुक आहे.

५. युस्टेसची खुर्ची

येथपर्यंत केलेला आक्षेप केवळ विसंगतीचा आहे; उपपत्तीत थोडी डागडुजी करून एखादा चाहता त्यातून मार्ग काढू शकेल. मुख्य आक्षेप वेगळा आहे.

मालिकेत एक पात्र असे आहे, जे पहिल्यापासून श्वानदृष्टीच्या उपपत्तीवर विश्वास ठेवते. ते म्हणजे युस्टेस. करेज ओरडत आला की युस्टेस खुर्चीतून वर न पाहता त्याला मूर्ख कुत्रा ठरवतो. राक्षस नाहीत, हा कुत्राच वेडा आहे, ही त्याची भूमिका. आणि एवढे बोलून तो एक भलामोठा राक्षसी मुखवटा चढवून करेजला भेडसावतो. म्हणजे जो भीतीला खोटे ठरवतो, तोच भीतीचा उत्पादकही आहे. मराठी घरांतील बागुलबुवाचे गणित याहून वेगळे नाही. मूल झोपावे म्हणून बागुलबुवा बोलावणारा आणि मूल घाबरून उठले की ‘तिथे काही नाही’ म्हणणारा मोठा माणूस बहुधा एकच असतो. युस्टेसचा मुखवटा ही या व्यवहाराची अचूक प्रतिमा आहे.

‘राक्षस नाहीतच, कुत्र्याला तसे वाटते’ असे म्हणणारा प्रेक्षक, करेजवर कितीही प्रेम करीत असला, तरी अभावितपणे युस्टेसच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्याची भाषा मृदू आहे, सहानुभूतीची आहे. पण निर्णय तोच आहे. तुझी भीती खरी, पण तिचे कारण खोटे, असे सांगणे हे ‘तू खोटा आहेस’ असे सांगण्याचेच सुसंस्कृत रूप होय.

या मुद्द्याचे गांभीर्य ‘द मास्क’ या दीर्घ कथेत स्पष्ट होते. पांढरा मुखवटा घातलेली किटी नावाची मांजर बॅग कुटुंबात येते आणि सर्व कुत्रे दुष्ट असतात असे म्हणून करेजला बडवते. कथा पुढे सरकते तेव्हा कळते, की तिची मैत्रीण बनी ही शहरात एका गुंड कुत्र्याच्या धाकात अडकली आहे. तो तिला मारण्याची धमकी देऊन डांबून ठेवतो. करेज त्या घरात शिरतो आणि बनीला सोडवतो. येथे किटीचे भय आणि द्वेष यांना खरे कारण आहे. मुखवट्यामागे जो चेहरा आहे तो राक्षसाचा नसून दुखावलेल्या व्यक्तीचा आहे. बनीला धमकावणारा गुंड केवळ दृष्टिदोष होता असे म्हणणे म्हणजे घरगुती हिंसेला दृष्टिदोष म्हणणे होय. ‘रिमेम्ब्रन्स ऑफ करेज पास्ट’मध्येही हेच आहे. करेज आजारी पडला म्हणून म्युरिएल त्याला ज्या पशुवैद्याकडे नेते, त्यानेच पूर्वी त्याच्या आईवडिलांना पकडून अवकाशयानातून दूर पाठवले होते. करेज त्याला पाहून हादरतो. ते भय आठवण आहे, भास नव्हे. पशुवैद्याला घाबरणारा प्रत्येक कुत्रा तसाच, असे म्हणून उपपत्ती ही आठवण पुसून टाकते.

येथे स्कूबी-डूची तुलना उपयुक्त ठरते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत प्रत्येक भुताच्या मुखवट्यामागे शेवटी एक लबाड माणूस निघतो. जग विवेकाने उलगडते आणि मुले निर्धास्त होतात. करेजची मालिका या सूत्राची उलटी आहे. तिच्यात प्रतिष्ठित मुखवट्यामागे धोका असतो : आदबशीर मोटेल-मालक, हसरा भाचा, पांढरा कोट घातलेला वैद्य. चाहत्यांची उपपत्ती या मालिकेचे पुन्हा स्कूबी-डूमध्ये रूपांतर करते.

६. हरिणाचे भय आणि कुत्र्याचे भय

भयानक रसाच्या भारतीय विवेचनात या मालिकेला समजून घेण्याची एक वाट सापडते. भरताने भय हा स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा भाव मानला. उत्तम पात्राला भय शोभत नाही, अशी ही श्रेणीव्यवस्था आहे. करेजच्या निर्मात्याने भरत वाचला असण्याची गरज नाही. पण जगभर मान्य असलेली हीच श्रेणी मालिका उलटी करते. घरात जो सर्वांत खालचा, ज्याला माणसाची भाषाही धड नाही, त्याच्याकडे भय आहे आणि म्हणून ज्ञानही आहे. युस्टेसला भय नाही, म्हणून त्याला काही कळत नाही. येथे भय ही उणीव न राहता जाणण्याची शक्ती होते. आणि भय असूनही थांबणे म्हणजे धैर्य, ही शीर्षकातील विरोधाची उकल आहे.

अभिनवगुप्ताने साधारणीकरणाची प्रक्रिया स्पष्ट करताना ‘शाकुंतला’च्या आरंभी रथापुढे धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले, हे सर्वपरिचित आहे. ते हरिण विशिष्ट नाही, त्याला भिवविणाराही परमार्थाने खरा नाही; म्हणून देश-कालाच्या बंधनातून सुटलेले शुद्ध भय सहृदयाला जाणवते. हे भय माझे, शत्रूचे, मित्राचे की तटस्थाचे, असा भेद तेथे उरत नाही. भयाचे उदाहरण म्हणून अभिनवगुप्ताने माणूस न घेता प्राणी घ्यावा, हे लक्षणीय आहे. प्राण्याच्या भयाला प्रतिष्ठेचा, वयाचा, लिंगाचा अडसर नसतो. ते कोणाचेही होऊ शकते.

करेजचे भय असेच कोणाचेही होते. आठ वर्षांच्या मुलाला ते अंधाराचे वाटते, तरुणीला फ्रेडच्या हास्याचे, वृद्धाला एकाकी घराचे. श्वानदृष्टीची उपपत्ती हे साधारणीकरण रोखते. ‘हे केवळ कुत्र्याचे भय आहे’ असे म्हणताच ते पुन्हा विशिष्ट होते आणि आपण सहृदयाच्या जागेवरून निदान करणाऱ्या वैद्याच्या जागेवर जातो. मालिकेत असा वैद्यही आहे : भारतीय धाटणीचे उच्चार असलेला डॉ. विंदालू. गोव्याच्या एका पदार्थाचे नाव भारतीय डॉक्टरला देणे हा त्या काळच्या अमेरिकन विनोदाचा उथळपणा आहे आणि त्याची नोंद केलीच पाहिजे. मात्र त्याची तपासणी कधीच उपयोगी पडत नाही, एवढे आपल्या मुद्द्याला पुरेसे आहे.

७. कुटुंबाचे प्रेक्षकपण

ही मालिका कुटुंबाने एकत्र पाहावी अशी का वाटते, याचे सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे, की तिच्यात मुलांसाठी धावपळ आणि मोठ्यांसाठी चित्रपट-साहित्यातील संदर्भ आहेत. हे खरे आहे, पण अपुरे आहे. असे दुहेरी संबोधन अनेक व्यंगपटांत असते. या मालिकेचे वेगळेपण असे, की पडद्यावरचे कुटुंब आणि पडद्यासमोरचे कुटुंब यांची मांडणी एकसारखी आहे. करेजला दिसते ते मुलाला दिसते. म्युरिएल स्वयंपाकघरात आणि युस्टेस वर्तमानपत्रात असतो, तसे घरातील मोठेही बहुधा असतात. मूल ओरडून सांगू पाहते, ‘मागे बघ!’ ते पडद्यावर कोणी ऐकत नाही. शेजारी बसलेली आई ते ऐकते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

करेज सांगतो कसा, हेही पाहण्याजोगे आहे. तो आपल्या शरीराचेच रूपांतर करतो. संकटाचा आकार धारण करून, हातवारे करून, मूकाभिनयाने म्युरिएलला समजावू पाहतो. तिला बहुधा कळत नाही, पण ती त्याला रागे भरत नाही. ती माया करते. युस्टेसचा अविश्वास कठोर आहे, तर म्युरिएलचा न-समज मायाळू. घरातील मुलांचा अनुभव या दोन टोकांमध्येच बहुतेक सामावतो. म्हणून ही मालिका पाहताना पालकाने स्वतःला कोणत्या टोकाला पाहावे, हा विनोदी वाटणारा पण गंभीर प्रश्न उभा राहतो.

युस्टेसलाही मालिकेने केवळ खलपुरुष म्हणून सोडलेले नाही. ‘मदर्स डे’मध्ये तो आपल्या आईला भेटायला जातो तेव्हा तीही त्याची हेटाळणी करते. ज्याचे भय कधी कोणी ऐकले नाही, तो मोठा होऊन मुखवटा घालतो, असा एक अर्थ तेथून निघतो. भय दाबून टाकण्याची रीत पिढीकडून पिढीकडे जाते. चाहत्यांच्या उपपत्तीकडे या प्रकाशात पाहिले, तर तिची मानसिकता कळते. ज्यांनी बालपणी ही मालिका पाहून रात्री पांघरुणात डोके घेतले, तेच आज मोठे होऊन सांगतात, की तिथे काही नव्हते. उपपत्ती हे त्यांच्या बालपणाचे सांत्वन आहे. सांत्वनाची गरज समजण्यासारखी आहे; पण त्याची किंमत त्यांच्याच मुलांना मोजावी लागू नये.

ही किंमत काल्पनिक नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी घ्यावा, पोलीस अधिकाऱ्याने त्या वेळी गणवेशात असू नये, आवश्यक तेथे दुभाषी किंवा विशेष शिक्षक यांचे साहाय्य घ्यावे, असे सांगतो. मुलाची भाषा वेगळी असते आणि गणवेशाचेही मुखवट्यासारखे भय वाटते, हे या तरतुदींनी मान्य केले आहे. कायद्याने जे ओळखले ते घरानेही ओळखावे. ओळखीच्या नात्यातला, हसतमुख, सर्वांचा लाडका पाहुणा आला असताना मूल आक्रसते, तेव्हा ते ‘फ्रीकी फ्रेड’मधील स्नानगृहाचे दार पाहत असण्याची शक्यता असते. त्या क्षणी कुत्रा मूर्ख आहे असे मानणारे घर आणि कुत्र्याची साक्ष घेणारे घर यांत अंतर पडते.

आपल्या लोककथांना हे ठाऊक होते. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीत वाघ खरा असतो. वाघ म्हणजे म्हातारीच्या मनातली भीती, असे कोणत्याही आजीने सांगितल्याचे ऐकिवात नाही. वाघ खरा, म्हणून म्हातारीची युक्तीही खरी.

८. निष्कर्ष

चाहत्यांच्या उपपत्तींनी समीक्षेला एक गोष्ट शिकवली : दुर्लक्षित संहितांतही अर्थ शोधण्याइतकी खोली असते. त्यांचे हे ऋण मान्य करून असे म्हणावे लागेल, की ‘करेज द कावर्डली डॉग’विषयीची सर्वांत लोकप्रिय उपपत्ती संहितेतील घटनांशी विसंगत आहे, मालिकेच्या दृष्टिकोनांचे वैविध्य ती लक्षात घेत नाही आणि अद्भुताला लौकिक कारण देऊन मालिकेचा नैतिक प्रश्नच नाहीसा करते. तो प्रश्न राक्षस आहेत की नाहीत हा नाही. घरातला सर्वांत दुर्बळ जीव धोका सांगत असेल, तर त्याचे ऐकायचे की नाही, हा तो प्रश्न आहे.

‘परफेक्ट’ या मालिकेतील शेवटच्या कथेत परिपूर्णतेचा हट्ट धरणारी एक शिक्षिका करेजला अपूर्ण ठरवून छळते. न्हाणीच्या टबात आलेला एक मासा त्याला सांगतो, की परिपूर्ण असे काही नसते आणि तो आहे तसाच चांगला आहे. शिक्षकांनी, विशेषतः आपण महाविद्यालयीन शिक्षकांनी, या कथेतील शिक्षिकेची जागा कोणाची आहे याचा विचार करावा. आपल्यासमोर येणारा विद्यार्थीही अनेकदा नीट सांगू शकत नाही. हातवारे करतो, विषयांतर करतो, गप्प बसतो. त्याची भाषा अपूर्ण असल्यामुळे त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. मुलांच्या व्यंगपटांचे समीक्षण मराठीत पुढे न्यावयाचे, तर ‘याचा खरा अर्थ काय’ या प्रश्नाबरोबरच ‘या अर्थाने कोणाचे बोलणे बंद होते’ हा प्रश्नही प्रत्येक संहितेला विचारावा लागेल.